‘जो सां फ्रॉन्तिएर’च्या धर्तीवर खेळांची संध्याकाळ: आखणीपासून आवराआवरीपर्यंत

फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली आणि बेल्जियम या चार देशांच्या टीव्ही संस्थांनी मिळून १९६५ साली ‘जो सां फ्रॉन्तिएर’ (सीमा नसलेले खेळ) हा संघांमधल्या गमतीदार खेळांचा कार्यक्रम सुरू केला. त्याच्या आधी फ्रान्समध्ये १९६२ पासून गी लक्स यांचा शहरा-शहरांतल्या सामन्यांचा कार्यक्रम गाजत होता. फ्रेंच आणि जर्मन तरुणांनी एकमेकांसोबत हसावं-खेळावं या राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या इच्छेतून त्याला सीमेपलीकडे नेण्याची कल्पना पुढे आली, असं सांगतात. पुढे ब्रिटन, स्वित्झर्लंड वगैरे देश आले. १९८२ पर्यंत आणि नंतर १९८८ ते १९९९ असा हा कार्यक्रम चालला. त्याच्या शेवटच्या दशकात वेल्स, हंगेरी, ग्रीस आणि अगदी ट्युनिशियाही खेळले. ब्रिटनमधल्या फेऱ्या ‘इट्स अ नॉकआउट’ या नावाने दाखवल्या जायच्या.

संघ देशाच्या नावाने ओळखला जाई, पण खेळाडू एखाद्या शहराचे असत. ताकदवान खेळाडू निवडून आणायची ही स्पर्धा नव्हतीच. साबणाच्या पाण्याने निसरडी झालेली फळी, दोन माणसांच्या उंचीचे मुखवटे, कमरेला मागे ओढणारं रबर अशा गोष्टींमुळे धडधाकट गडी आणि शिडशिडीत मुलगी यांच्यात फारसा फरक उरत नसे. सोसायटी, शाळा किंवा परदेशातलं महाराष्ट्र मंडळ असल्या ठिकाणी, जिथे आजीपासून नातवापर्यंत सगळे येतात, तिथे हा साचा म्हणूनच चांगला चालतो. सहा संघ, बास्केटबॉल कोर्टाएवढी जागा आणि साधारण सव्वादोन तास धरून पुढची सगळी आखणी दिली आहे.

आधी कागदावरचं गणित

सामान आणायला बाजारात जाण्यापूर्वी गुणांचा तक्ता तयार हवा. हे काम मागे पडलं की ऐन वेळी पंचांच्या टेबलाभोवती गर्दी होते आणि कार्यक्रम अर्ध्या तासाने लांबतो.

प्रत्येक संघात आठ खेळाडू घ्या: तीन पुरुष, तीन स्त्रिया आणि १० ते १४ वयाची दोन मुलं. शिवाय एक कप्तान, जो स्वतः खेळत नाही. १९८७ साली ब्रिटिश राजघराण्यातल्या चौघांनी धर्मादाय कामासाठी ‘नॉकआउट’चा एक खास कार्यक्रम केला, तेव्हा ते चौघे कप्तानच होते आणि खेळायला इतर नामवंत होते. तो कार्यक्रम टीकेचा धनी झाला हे खरं, पण न खेळणारा कप्तान ही सोय उत्तम आहे. कोणाला कुठल्या खेळात उतरवायचं आणि जोकर, म्हणजे एका खेळाचे गुण दुप्पट करणारी खूण, कधी टाकायचा हे बाजूला कोरड्या कपड्यांत उभ्या असलेल्या माणसाने ठरवलेलं बरं.

मुख्य खेळ सहा. प्रत्येक खेळात पाच संघ उतरतात आणि एक बाहेर थांबतो. बाहेरचा संघ त्या फेरीत ‘लाल धागा’ खेळतो. मूळ कार्यक्रमात याला फिल रूज म्हणत. तो एकच खेळ संपूर्ण कार्यक्रमभर मधूनमधून चालतो, सगळे संघ आळीपाळीने खेळतात आणि निकाल अगदी शेवटी लागतो. सहा फेऱ्या संपल्या की प्रत्येक संघाचे पाच मुख्य खेळ आणि एक लाल धागा झालेला असतो. कोण कुठल्या फेरीत बाहेर बसणार याच्या चिठ्ठ्या आदल्या दिवशीच काढा.

गुण असे: मुख्य खेळात पहिल्याला ५, मग ४, ३, २, १. लाल धाग्यात सहाही संघ असल्यामुळे ६ पासून १ पर्यंत. सहा फेऱ्यांनंतर सगळ्या संघांची अडथळ्यांची एक शेवटची धाव असते, तिच्यातही तसंच ६ ते १. बरोबरी झाली तर दोघांना वरचा गुण द्या आणि मधला गुण गाळा, म्हणजे दोन पहिले आले तर ५, ५ आणि त्यानंतर ३.

जोकर म्हणजे एका मुख्य खेळाचे गुण दुप्पट. लाल धाग्यावर आणि शेवटच्या धावेत तो चालत नाही. म्हणजे एखाद्या संघाने सगळंच जिंकलं तर त्याचे गुण ४२ होतात: चार खेळांचे २०, जोकरच्या खेळाचे १०, लाल धाग्याचे ६, धावेचे ६. सगळंच जिंकणारा संघ कुठेच नसतो, त्यामुळे शेवटच्या धावेपूर्वी पहिल्या तीन संघांत बहुधा चार-पाच गुणांचाच फरक राहतो. प्रेक्षक शेवटपर्यंत बसून राहतात ते याच फरकापायी.

जोकर कधी जाहीर करायचा? खेळाचं प्रात्यक्षिक झाल्यावर, पण लेनची चिठ्ठी काढण्यापूर्वी. आधी जाहीर करायला लावलं तर तो निव्वळ जुगार होतो, आणि चिठ्ठीनंतर चालवला तर ‘कडेची लेन कोरडी आहे’ असल्या हिशेबावर जोकर पडू लागतात. कप्तानाने दोन फूट उंचीचा पुठ्ठ्याचा जोकर हात उंच करून दाखवायचा. चिठ्ठी चालणार नाही, तोंडीही नाही. आणखी एक, ज्या संघाची सुट्टी सहाव्या फेरीत आहे त्याला जोकर पाचव्या फेरीपर्यंतच वापरता येतो. हे त्या कप्तानाच्या हमखास लक्षात राहत नाही. चौथ्या फेरीनंतर निवेदकाने माइकवरून आठवण करून द्यावी.

मैदान

बास्केटबॉल कोर्ट २८ बाय १५ मीटरचं असतं. पाच लेन प्रत्येकी २.४ मीटर रुंदीच्या आणि मधल्या चार फटी अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या धरल्या तर १४ मीटर होतात, म्हणजे बरोबर बसतं. लांबी २० मीटर घ्या आणि दोन्ही टोकांना चार-चार मीटर मोकळे सोडा. पळत आलेला माणूस लगेच थांबत नाही, ओल्या पायांनी तर नाहीच. मात्र कोर्ट सिमेंटचं असेल तर तिथे फक्त कोरडे खेळ ठेवा. पाण्याचे आणि साबणाचे खेळ माती किंवा गवतावरच.

लेन उत्तर-दक्षिण आखा. साडेचार-पाचच्या सुमाराला सूर्य पश्चिमेला उतरलेला असतो आणि पूर्व-पश्चिम लेनमध्ये एका दिशेने पळणाऱ्याच्या थेट डोळ्यांत ऊन येतं. झेलण्याच्या खेळात तर हे फारच अन्यायाचं होतं. रेषांसाठी फक्की चालेल, पण जिथे पाणी सांडणार तिथे फक्की नको. ती ओली होऊन पायाला आणि डोळ्याला लागते. तिथे रंगीत कापडी पट्ट्या दोन्ही टोकांना लाकडी मेखा पूर्ण आत ठोकून ताणाव्यात.

पाण्यासाठी ५०० लिटरची एक टाकी आदल्या रात्री भरून ठेवा. शिवाय नळाला पाइप लावलेला हवा. सोसायटीच्या वरच्या टाकीवर अवलंबून राहू नका, कारण तीच वेळ पंप बंद असण्याची असते.

खेळ रचताना: मोजमाप आधी, सजावट नंतर

बहुतेक मंडळी उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी कुणाला तरी भलामोठा हत्ती बनवायचा असतो, मग त्या हत्तीकडून काय करवून घ्यायचं ते शोधलं जातं आणि निकाल कसा लावायचा हे शेवटी सुचतं. तसा खेळ दिसायला छान आणि भांडायला त्याहून छान.

प्रत्येक खेळाचे तीन भाग कागदावर लिहा. पहिला, काय वाहायचं किंवा पोहोचवायचं. दुसरा, आड काय येतं. तिसरा, कसं मोजायचं. तिसऱ्याचं उत्तर शेवटच्या रांगेतल्या माणसाला चष्म्याशिवाय दिसलं पाहिजे: पाण्याची पातळी, चेंडूंची संख्या, मनोऱ्याची उंची. ‘कोण जास्त चांगलं नाचलं’ हे मोजमाप नव्हे. शिवाय निकालाला पायऱ्या हव्यात. जमलं किंवा नाही जमलं अशी दोनच उत्तरं असली की पाचपैकी चार संघ शून्यावर राहतात आणि गुण वाटता येत नाहीत.

नियम तीन वाक्यांत सांगून संपले पाहिजेत. चौथं वाक्य लागलं तर खेळ सोपा करा.

*लाल धागा.* सुरुवात यापासून करा, कारण हा सहा वेळा व्हायचा आहे. सामान जागेवरून हलवावं लागणार नाही असा कोपरा त्याला कायमचा द्या. एक जण ५० सेंटिमीटर उंच चौथऱ्यावर उभा राहतो, तोंड संघाकडे, डोक्यावर पट्ट्याने बांधलेली वेताची टोपली. ५ मीटरवरून दोघे त्याच्याकडे टेनिसचे चेंडू टाकतात. मधे १.८ मीटर उंचीवर दोरी ताणून चादरी टांगलेल्या, त्यामुळे टाकणाऱ्यांना फक्त टोपली दिसते. टोपलीवाल्याला हात लावायचा नाही. वेळ ९० सेकंद, चेंडू ४०, टोपलीत उरलेले मोजायचे. टोपलीची खोली किमान २५ सेंटिमीटर हवी आणि तळाला जुना टॉवेल, नाहीतर पडलेले चेंडू उसळून बाहेर जातात. टेबल टेनिसचे चेंडू मुळीच घेऊ नका. किनाऱ्याजवळच्या गावांत संध्याकाळी वारा सुटतो आणि पाचव्या-सहाव्या संघाचं नुकसान होतं.

याच्यात एक अडचण मुळातच आहे. पहिला संघ आंधळेपणाने खेळतो आणि सहावा पाच जणांचं बघून शहाणा झालेला असतो. उपाय म्हणून पहिल्या संघाला ३० सेकंदांचा सराव द्या, दुसऱ्याला १५, बाकीच्यांना नाही. पूर्ण न्याय होत नाही, पण तक्रार थांबते.

लाल धाग्याचा आयोजकाला होणारा फायदा वेगळाच आहे. सगळ्यांचे डोळे त्या कोपऱ्याकडे असतात तेवढ्या चार-पाच मिनिटांत मुख्य मैदानावरचं सामान बदलून होतं. म्हणून त्याचा कोपरा प्रेक्षकांच्या जवळ आणि सामानाच्या ढिगापासून लांब ठेवा.

*गळकी बादली.* कुठलाही कार्यक्रम याच खेळाने सुरू करावा. ५ लिटरच्या प्लास्टिकच्या बादल्या घ्या आणि प्रत्येकीच्या तळाला ५ मिलिमीटरची चार भोकं ड्रिलने पाडा. तापवलेल्या खिळ्याने पाडू नका. कडा वितळून जाड होतात, प्रत्येक भोक वेगळ्या मापाचं होतं आणि एक बादली दुसरीपेक्षा दीडपट गळते. बादलीत ४ लिटर पाणी घेऊन २० मीटर जायला अडथळ्यांसकट २० सेकंद लागले तर साधारण दीड लिटर गळतं आणि अडीच लिटर पोहोचतं. मोकळी बादली घेऊन परत यायला १० सेकंद. तीन मिनिटांत सहा खेपा, म्हणजे साधारण १५ लिटर. पिण्याच्या पाण्याचा २० लिटरचा पारदर्शक जार यासाठी बरोबर पुरतो. मानेखाली गोलाकार कापा, कापलेल्या कडेला पाइपाचा चिरलेला तुकडा चढवा. मग मापाने एक-एक लिटर पाणी ओतत बाहेरून रंगीत चिकटपट्टीच्या खुणा करा. पाण्यात थोडा खाण्याचा रंग टाकला तर लांबूनही पातळी दिसते.

आड काय ठेवायचं? १५ सेंटिमीटर उंच, २० सेंटिमीटर रुंद, ३ मीटर लांब फळी आणि तिच्यानंतर ९० सेंटिमीटर उंचीवर आडवी दोरी, जिच्याखालून वाकून जायचं. वाकताना बादली कलते आणि खरं पाणी तिथेच जातं. भोकांवर बोटं लावायला बंदी करून उपयोग नाही, कोण लावतंय हे पंचाला दिसत नाही. त्यापेक्षा बादली कडीनेच धरायची असा नियम करा, म्हणजे तळाशी गेलेला हात लगेच दिसतो. पाच संघांना मिळून १२० लिटर पाणी लागतं, सांडलवंड धरून १६० ठेवा. खेळ संपला की फळीखालच्या मातीचा चिखल झालेला असतो, म्हणून या लेनवर पुढचा खेळ धावण्याचा नको.

*साबणाचा पट्टा.* सगळ्यांना हवा असतो आणि सगळ्यांत जास्त दुखापती इथेच होतात. पळत येऊन पोटावर किंवा डोकं पुढे करून उडी मारणं सरसकट बंद ठेवा, विशेषतः मोठ्यांसाठी. घरच्या अंगणात पसरायच्या घसरपट्टीबाबत अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने १९९३ मध्ये अशीच सूचना काढली होती. लहान मुलासाठी बनवलेल्या पट्ट्यावर मोठा माणूस उडी मारतो तेव्हा वजन आणि उंची यांमुळे अंग अचानक थांबतं आणि मानेला जबर इजा होऊ शकते, हे त्यामागचं कारण.

म्हणून बसून घसरणं. एक जण पसरट टबात बसतो आणि दोघे दोन बाजूंनी दोर धरून ओढतात. ओढणारे प्लास्टिकच्या बाहेर गवतावर चालतात. पट्टा १२ मीटर लांब आणि २.५ मीटर रुंद. ताडपत्री वापरू नका, तिच्या कडेच्या धातूच्या कड्या कातडं सोलतात आणि विणीमुळे टब अडखळतो. शेततळ्याला अंथरतात तो ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद उत्तम. तो जाड असतो, गुळगुळीत असतो आणि गावाकडे उरलेला तुकडा सहज मिळतो. अंथरण्यापूर्वी त्या जागेवरून दोघांनी अनवाणी सावकाश चालत जावं. पायाला टोचलेला प्रत्येक खडा उचला. कडा खाली दुमडून वाळूच्या पिशव्यांनी दाबा; विटा, दगड, खुंट्या नकोत. पट्टा संपल्यावर ३ मीटर कोरडं गवत आणि त्यानंतर गाद्या.

साबण म्हणजे लहान मुलांचा शाम्पू, १० लिटर पाण्यात १०० मिलिलिटर. कपडे धुण्याची पावडर डोळ्यांत गेली तर संध्याकाळ संपलीच समजा. प्रत्येक फेरीपूर्वी एक बादली द्रावण पट्ट्यावर सारखं ओता. हे राहिलं तर पहिला संघ निसरड्यावर आणि शेवटचा चिकट, सुकत आलेल्या प्लास्टिकवर खेळतो. दोर १२ ते १६ मिलिमीटरचा सुती घ्या, नायलॉन हात भाजतं. आणि दोर हाताला किंवा मनगटाला गुंडाळायचा नाही, हे प्रत्येक फेरीपूर्वी सांगायचं, कितीही कंटाळा आला तरी. टबात बसलेल्याला सायकलचं हेल्मेट.

पाच पट्टे अंथरणं परवडत नाही, म्हणून दोन पट्टे आणि तीन फेऱ्या, निकाल किती सेकंद लागले त्यावर. पाचवा संघ एकटा उरतो. शेजारी कोणी नसलं की माणूस जरा हळूच ओढतो, तेव्हा दुसऱ्या पट्ट्यावर स्वयंसेवकांची जोडी उतरवा.

*मागे ओढणारं रबर.* कापडी वेष्टनाचा १० मिलिमीटरचा रबरी दोर, न ताणता ५ मीटर. एक टोक जमिनीत पक्क्या रोवलेल्या खांबाला किंवा झाडाला, दुसरं खेळाडूच्या कमरेच्या रुंद पट्ट्याला पाठीमागे. फुटबॉलचा हलवता येणारा गोलपोस्ट खांब म्हणून कधीही वापरू नका. दोराच्या टोकांना धातूचे हूक नकोत, तुटलेल्या दोराचा हूक गोळीसारखा येतो. टोकाला फास करून जाड सुतळीने घट्ट बांधा. खांबापासून ६, ७ आणि ८ मीटरवर तीन टोपल्या ठेवा. हातातला चेंडू पहिल्या टोपलीत टाकला तर १, दुसऱ्या टोपलीत २, तिसऱ्या टोपलीत ३. दोन मिनिटांत संघातले चौघे आळीपाळीने. ८ मीटर म्हणजे दोर ६० टक्के ताणलेला, त्यापुढे जाऊ देऊ नका.

ओढ किती आहे हे अंदाजाने ठरवू नका. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा पट्ट्याच्या जागी अडकवून ८ मीटरवर ओढा. मोठ्यांसाठी २० किलोच्या आत असावं. मुलांसाठी वेगळा, बारीक दोर आणि ८ किलोच्या आत. सायकलच्या जुन्या ट्यूबा जोडून काम भागवण्याचा मोह होतो. प्रत्येक ट्यूब वेगळी ताणते, आणि वाळलेल्या ट्यूबेला पडलेल्या बारीक भेगा दिसत नाहीत. मागे २ मीटरपर्यंत गाद्या पसरा, कारण चेंडू टाकल्यावर माणूस सैल होतो आणि मागे फेकला जातो. पंचाने दोराच्या रेषेत कधी उभं राहू नये.

*मुखवटे.* मूळ कार्यक्रमाची ओळख हीच. यजमान शहराची एखादी दंतकथा किंवा इतिहास घेऊन त्यावर सगळे खेळ बेतलेले असत. आपल्याकडे आकाशकंदील बनवणाऱ्या कारागिराकडून कामट्यांचा सांगाडा करून घेतला तर हलका आणि मजबूत होतो. वर कागदाऐवजी पातळ फोम आणि कापड चढवा. वजन ३ किलोच्या आत, ते खांद्यांवर यायला हवं, मानेवर नाही. आत खांद्यांच्या जागी रजईचे तुकडे शिवा. बघायची खिडकी १५ बाय ५ सेंटिमीटर, जाळीने झाकलेली. डोक्यावर हवा जायला भोकं ठेवा. आतला माणूस जास्तीत जास्त दोन मिनिटं, मग दुसरा. कोकणातल्या दमट हवेत दोन मिनिटंही पुष्कळ होतात. खेळ साधाच हवा. मुखवटा घालून पुठ्ठ्याच्या ४० सेंटिमीटरच्या दहा खोक्यांचा मनोरा रचायचा, ९० सेकंदांनी उंची मोजायची. खिडकीतून जवळचं खाली दिसत नाही, त्यामुळे बाहेरून ओरडून सांगणारी दोन मुलं प्रत्येक संघाला द्या. सगळ्यात जास्त हशा इथे होतो. रिकामी खोकी वाऱ्याने उडतात, तळाला अर्धा किलो वाळूची पिशवी चिकटवा.

उरलेले दोन खेळ कोरडे आणि सोपे ठेवा, जेणेकरून पन्नाशीपुढच्यांनाही उतरता येईल. चमचा-लिंबू, रिंगा टाकणं, काहीही. एक तरी खेळ फक्त मुलांचा असावा.

पंच

मूळ कार्यक्रमातले गाजलेले मुख्य पंच जेन्नारो ऑलिव्हिएरी आणि ग्विदो पान्काल्दी हे दोघे स्विस होते आणि आइस हॉकीच्या पंचगिरीतून आले होते. ब्रिटनच्या फेऱ्यांना आर्थर एलिस होते. १९५४ च्या फुटबॉल विश्वचषकातला हंगेरी-ब्राझील हा हाणामारीचा सामना याच एलिस यांनी सांभाळला होता. विनोदी कार्यक्रमाला इतके कसलेले पंच लागावेत यातच सगळं आलं. सोसायटीच्या चेअरमनला मान म्हणून पंच करू नका. शाळेत पीटी शिकवणारे सर किंवा बाई, ज्यांचा कुठल्याच संघात कोणी नाही, त्यांना बोलवा.

मुख्य पंच एक, लेनपंच पाच, घड्याळवाले दोन, गुणफलकावर दोन. लेनपंच त्या फेरीत खेळणाऱ्या प्रत्येक संघातून एक घ्यावा आणि त्याला दुसऱ्याच संघाची लेन द्यावी. सुरुवात नेहमी एकसारखी: ‘सावधान... तीन, दोन, एक’ आणि शिट्टी. लाऊडस्पीकरवर नुसतं ‘सुरू करा’ म्हटलं तर स्पीकरजवळचा संघ आधी निघतो. दोन घड्याळांतला फरक अर्ध्या सेकंदाच्या आत असेल तर सरासरी घ्या, जास्त असेल तर त्या फेरीपुरतं मुख्य पंचाचं तिसरं घड्याळ अंतिम. मोबाइलवर काढलेला व्हिडिओ पुरावा म्हणून मान्य नाही, हे सुरुवातीलाच जाहीर करा. एकदा का एक व्हिडिओ पाहिला की पुढे सगळे पाहावे लागतात.

तालीम

आदल्या दिवशी, त्याच मैदानावर, त्याच सामानासह. संघातल्या कोणालाही बोलवू नका. सहा-सात स्वयंसेवक पुरतात. प्रत्येक खेळ दोनदा खेळवा आणि आकडे लिहून ठेवा. सगळ्यांना पूर्ण गुण मिळत असतील तर अडथळा वाढवा, कोणालाच काही मिळत नसेल तर अंतर कमी करा. अडथळ्याची उंची किंवा अंतर यांपैकी एका वेळी एकच बदला, नाहीतर कशामुळे फरक पडला ते कळत नाही. दुसऱ्या खेपेला आकडे फार सुधारले तर समजा की युक्ती कळली की खेळ सोपा होतो. असा खेळ लाल धाग्यासाठी बाद, मुख्य खेळात चालतो, कारण तिथे साबणाचा पट्टा सोडला तर सगळे एकाच वेळी खेळतात.

सामान बदलायची तालीमही घ्या. चार माणसांना पाच मिनिटांत साबणाचे पट्टे अंथरता येत नसतील तर तो खेळ पहिल्या फेरीत ठेवा, म्हणजे ते आधीच अंथरलेले असतील आणि फक्त गुंडाळावे लागतील.

त्या दिवशी

डिसेंबर-जानेवारीत चारला सुरू करा. उद्घाटन आणि संघांची ओळख १५ मिनिटांत आटोपा. भाषणाला तीन मिनिटं, त्याहून जास्त मागणाऱ्याला बक्षीस समारंभात बोलवा. प्रत्येक फेरीला १५ मिनिटं: प्रात्यक्षिक आणि जोकर तीन, खेळ तीन, मोजणी आणि निकाल तीन, लाल धागा आणि त्याची मोजणी चार, दोन मिनिटं इकडेतिकडे. साबणाच्या फेरीला १८. शेवटची धाव सहा संघांची असल्यामुळे तीन-तीनच्या दोन फेऱ्यांत, घड्याळाने वेळ मोजून, २० मिनिटांत. सगळं मिळून दोन तास आठ मिनिटं. सव्वासहाला उजेड जायला लागतो, म्हणून चारचे साडेचार होऊ देऊ नका. शेवटच्या धावेत फळी, दोरी, टोपली असे आधीच्या खेळांतले कोरडे अडथळे एकामागून एक लावायचे. थकलेल्या पायांना साबण नको.

ज्यांना पाठीचं किंवा गुडघ्याचं दुखणं आहे, अलीकडे शस्त्रक्रिया झाली आहे, गरोदर आहेत, त्यांना कप्तान करा. साबणावर अनवाणी, कोरड्या खेळात बूट, त्यामुळे दोन्हींच्या मध्ये पाय पुसायला टॉवेल आणि बूट घालायला वेळ हवा. चष्म्याला मागे दोरी. मैदानाच्या कडेला बर्फाचा डबा, पट्ट्या आणि प्रथमोपचार येणारा एक माणूस, ज्याला दुसरं कुठलंही काम दिलेलं नाही. गाडी मैदानाच्या दारापर्यंत येऊ शकेल अशी वाट मोकळी.

गुणफलक खडूचा काळा फळा असला तरी चालतो. प्रत्येक फेरीनंतरची बेरीज आणि कोणाचा जोकर अजून शिल्लक आहे हे दोन रकाने मात्र मोठे हवेत. लाल धाग्याचे आकडे दाखवा, पण गुण शेवटी वाटा. सहाव्या संघाने ३१ चेंडू झेलले की गुणफलकावर दोन संघांची जागा बदलते आणि धावेपूर्वी पुन्हा सगळं उघडं होतं. एकूण गुण सारखे आले तर लाल धाग्यात वर असलेला संघ विजयी. त्यातही बरोबरी असेल तर चषक सहा-सहा महिने दोघांकडे.

आवराआवर

साबणाच्या पट्ट्याचा कागद त्याच रात्री साध्या पाण्याने दोन्ही बाजूंनी धुवा, सावलीत वाळवा आणि जाड पाइपावर गुंडाळून ठेवा. घडी घातली तर दुमडीच्या रेषेवर पुढच्या वर्षी चीर जाते. फोमचे मुखवटे ओले ठेवले तर आतून बुरशी धरतात, त्यांना दोन दिवस ऊन दाखवा. गळक्या बादल्यांवर संघाचा रंग आणि ‘भोकाची’ असं लिहून ठेवा, नाहीतर कुणीतरी त्या पिण्याच्या पाण्याला लावतं. रबरी दोर एका कार्यक्रमानंतर कितीही नवा दिसला तरी पुन्हा खेळाडूच्या कमरेला बांधू नका. सामान बांधायला तो बराच काळ चालतो.